राज्याबाहेरच्या सरकारी विद्यापीठात कमी शुल्कात शिकण्यासाठी: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांना मार्गदर्शन

अमेरिकेत सरकारी विद्यापीठ म्हणजे केंद्र सरकारचे नव्हे, तर त्या त्या राज्याचे विद्यापीठ. राज्यातील करदात्यांच्या पैशावर ते उभे असल्यामुळे राज्याच्या रहिवाशांना एक दर आणि बाहेरून येणाऱ्यांना त्याच्या दुप्पट-तिप्पट दर, अशी पद्धत जवळपास सगळीकडे आहे. कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या वर्षी चार वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या सरकारी संस्थांमधील सरासरी वार्षिक शुल्क रहिवाशांसाठी ११,६१० डॉलर, तर बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ३०,७८० डॉलर होते. चार वर्षांत हा फरक ७६,००० डॉलरच्या वर जातो, आणि राहण्या-जेवणाचा खर्च त्यात धरलेलाच नाही. हे आकडे पाहून अनेक पालक बाहेरच्या राज्याचा विचार तिथेच सोडून देतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चौकशी न करता पूर्ण दर भरून मोकळे होतात. प्रत्यक्षात बाहेरच्या विद्यार्थ्याला कमी दर मिळण्याचे बरेच कायदेशीर आणि उघड मार्ग आहेत. मात्र त्यांपैकी बहुतेक मार्ग आपण आपल्या सध्याच्या राज्याचे मान्य रहिवासी आहोत की नाही या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि व्हिसावर आलेल्या कुटुंबांकडून नेमका तोच प्रश्न सर्वांत उशिरा विचारला जातो. म्हणून या लेखाची सुरुवात विद्यापीठांच्या यादीपासून न करता घरच्या कागदपत्रांपासून केली आहे.

पहिली पायरी: आपल्या राज्यातील रहिवास पक्का करणे

महाराष्ट्रात डोमिसाइलचा दाखला एकदा तहसील कार्यालयातून काढला की तो सगळीकडे चालतो, आणि त्याचा परिणाम मुख्यतः प्रवेशाच्या जागांवर होतो. अमेरिकेत असा एकच दाखला नाही. प्रत्येक विद्यापीठ, आणि शेजारी राज्यांच्या सवलतींसाठी प्रत्येक राज्याची शिक्षण यंत्रणा, स्वतःच्या नियमांप्रमाणे रहिवास ठरवते. बहुतेक राज्यांत निदान १२ महिने सलग राहणे आवश्यक असते, पण नुसते राहणे पुरेसे नसून त्या राज्यातच स्थायिक होण्याचा हेतू कागदोपत्री दिसावा लागतो. विद्यार्थी आई-वडिलांवर अवलंबून असेल, तर रहिवास आई-वडिलांचा पाहिला जातो, मुलाचा नव्हे. त्यामुळे वडिलांची नोकरी एका राज्यात आणि आई व मुले दुसऱ्या राज्यात असतील, तर कोणाचा पत्ता ग्राह्य धरला जाईल हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

घराचा भाडेकरार किंवा खरेदीखत, राज्याचे आयकर विवरण, कंपनीकडून मिळणारा डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचे आणि करकपातीचे विवरण), वाहन परवाना, गाडीची नोंदणी, वीज किंवा गॅसची बिले आणि मुलाच्या शाळेची गुणपत्रके ही कागदपत्रे किमान दोन वर्षांची तारीखवार लावून ठेवावीत. राज्य बदलले असेल तर नव्या राज्याचा वाहन परवाना काढण्यास टाळाटाळ करू नये, कारण जुन्या राज्याचा परवाना खिशात ठेवून नव्या राज्याचा रहिवासी असल्याचा दावा करणे अवघड जाते.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. अनेक विद्यापीठांच्या पुराव्यांच्या यादीत मतदार नोंदणीचाही उल्लेख असतो, आणि वाहन परवान्याच्या अर्जातही त्याचा एक रकाना येतो. आपण अमेरिकेचे नागरिक नसाल, तर ग्रीन कार्ड असले तरीही, त्या रकान्याला कधीही हात लावू नये. नागरिक असल्याचा चुकीचा दावा नोंदला गेला तर पुढे इमिग्रेशनच्या प्रकरणात त्याचे परिणाम अत्यंत गंभीर होतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण परवान्याचा अर्ज बहुधा तीच भरतात. तो पुरावा नसला तरी इतर पुराव्यांवर काम होते.

दुसरी पायरी: व्हिसाचा प्रकार आणि राज्याचा नियम ताडून पाहणे

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्याबाबत फारसा प्रश्न येत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांची एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरची मुले मात्र राज्यानुसार वेगवेगळ्या नियमांखाली येतात. ज्या व्हिसावर अमेरिकेत कायम राहण्याचा हेतू ठेवण्यास कायद्याची मनाई नाही, त्या व्हिसाच्या धारकाला राज्यात अधिवास सिद्ध करता येतो, असे तत्त्व बऱ्याच राज्यांनी मान्य केले आहे. टेक्सास आणि कॅलिफोर्निया येथे एच-४ वरील विद्यार्थी इतर अटी पूर्ण करून रहिवासी ठरू शकतो, परंतु एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला त्या व्हिसाच्या आधारावर तसे ठरता येत नाही. या विषयाला मोठा इतिहास आहे. जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे जी-४ व्हिसाधारकांच्या, मुलांना मेरीलँड विद्यापीठाने रहिवासी दर नाकारला होता, आणि ते धोरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली रद्द ठरवले. त्यामुळे एखाद्या कारकुनाने “व्हिसा आहे म्हणजे रहिवासी नाही” असे सरसकट सांगितले तर तेवढ्यावर परत फिरू नये. आपल्या व्हिसाच्या प्रकाराचे नाव घेऊन त्या संस्थेचा लेखी नियम मागावा.

एकविसाव्या वर्षाचा प्रश्न याहून कठीण आहे. मुलाला २१ वर्षे पूर्ण झाली की एच-४ संपतो, आणि तोवर ग्रीन कार्ड हाती आले नसेल तर शिक्षण सुरू ठेवण्यासाठी त्याला बहुधा एफ-१ वर जावे लागते. ग्रीन कार्डसाठी भारतीयांची रांग किती लांब आहे हे आपणा सर्वांना माहीत आहे. म्हणजे पहिल्या वर्षी रहिवासी किंवा सवलतीचा दर मिळालेल्या मुलाचा दर तिसऱ्या वर्षी वाढण्याची शक्यता असते. मूल २१ वर्षांचे कोणत्या सत्रात होईल ते काढावे, आणि मधेच व्हिसा बदलल्यास दराचे काय होईल हा प्रश्न प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाला विचारावा. उत्तर ई-मेलने घ्यावे, फोनवर नव्हे.

तिसरी पायरी: आपले राज्य कोणत्या विभागीय करारात येते ते पाहणे

अमेरिकेत राज्यांचे चार मोठे शैक्षणिक गट आहेत आणि त्यांनी आपापसात शुल्क सवलतीचे करार केले आहेत. त्यांची रचना एकसारखी नाही, म्हणून प्रत्येकाचे मर्म वेगळे समजून घ्यावे लागते.

पश्चिमेकडील १५ राज्ये आणि प्रशांत महासागरातील अमेरिकी प्रदेश यांचा वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज हा करार आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, अॅरिझोना, कोलोरॅडो, युटा अशी मराठी वस्ती असलेली बरीच राज्ये त्यात येतात. सहभागी संस्था अशा विद्यार्थ्याकडून आपल्या रहिवासी दराच्या जास्तीत जास्त दीडपट शुल्क घेते. समजा, एका विद्यापीठाचा रहिवासी दर १२,००० आणि बाहेरचा दर ३४,००० डॉलर असेल, तर या करारातील विद्यार्थ्याला १८,००० डॉलरच्या आत शिकता येते. ही सवलत आपोआप मिळेल असे मात्र समजू नये. बर्कली, लॉस एंजेलिस किंवा सिएटल येथील नामांकित सरकारी विद्यापीठे या करारात नाहीत. ज्या संस्था आहेत, त्यांतल्या अनेकांनी जागांची मर्यादा, गुणांची अट किंवा विषयांचे बंधन घातले आहे, आणि संगणकशास्त्र, अभियांत्रिकी व नर्सिंग हे आपल्या मुलांचे आवडते विषयच पुष्कळ ठिकाणी वगळलेले असतात. म्हणून फक्त विद्यापीठाचे नाव यादीत पाहून न थांबता विषयाचे नावही तपासावे. आणखी एक गोष्ट म्हणजे, या सवलतीवर शिकत असतानाचा काळ त्या नव्या राज्यातील रहिवासासाठी सहसा मोजला जात नाही.

मध्य-पश्चिमेचा मिडवेस्ट स्टुडंट एक्स्चेंज प्रोग्राम १९९४ पासून चालू आहे. त्याचेही सूत्र दीडपटीचेच असून त्यातील खासगी संस्था शुल्कात १० टक्के सूट देतात. या विभागातील सगळी राज्ये त्यात सहभागी नाहीत, आणि सवलत बहुधा ठराविक अभ्यासक्रमांपुरती असते. त्याशिवाय मिनेसोटाचे विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटा यांच्याशी स्वतंत्र परस्पर करार आहेत आणि ते पुष्कळदा दीडपटीच्या सवलतीहून अधिक फायद्याचे ठरतात. मिनिआपोलिस, मिलवॉकी किंवा मॅडिसनजवळ राहणाऱ्यांनी आधी हे करार पाहावेत. त्यासाठी विद्यापीठाच्या अर्जाखेरीज राज्याच्या उच्च शिक्षण कार्यालयाकडेही वेगळा अर्ज करावा लागतो, याकडे लक्ष असू द्यावे.

दक्षिणेत अॅकॅडमिक कॉमन मार्केट हा करार १९७४ पासून आहे, आणि माझ्या मते चारही करारांत तो सर्वांत उदार आहे, कारण त्यात दीडपट नव्हे तर थेट रहिवासी दर मिळतो. अट अशी की, विद्यार्थ्याला हवा असलेला अभ्यासक्रम त्याच्या स्वतःच्या राज्यातील सरकारी विद्यापीठांत उपलब्ध नसावा. साधे संगणकशास्त्र किंवा यांत्रिकी अभियांत्रिकी यात बसत नाही, कारण ते सगळीकडे आहेत. ज्या मुलाचा ओढा अगदी विशिष्ट विषयाकडे आहे, त्याच्यासाठी मात्र हा उत्तम मार्ग ठरू शकतो. काही राज्ये त्यात फक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सहभागी आहेत, आणि नॉर्थ कॅरोलिना त्यात नाही. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी विद्यापीठात त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवायचा, मग आपल्या राज्याच्या समन्वयकाकडे रहिवासाचे पुरावे देऊन प्रमाणपत्र घ्यायचे. पहिल्या पायरीत लावून ठेवलेली कागदपत्रे नेमकी इथे लागतात. विद्यार्थ्याने पुढे विषय बदलला तर सवलत जाते.

न्यू इंग्लंडमधील कनेक्टिकट, मेन, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट या सहा राज्यांचा रीजनल स्टुडंट प्रोग्राम १९५७ पासूनचा आहे. त्याचाही पाया आपल्या राज्यात नसलेला अभ्यासक्रम हाच आहे, फक्त तिथे मिळणारा दर रहिवासी दरापेक्षा जास्त आणि बाहेरच्या दरापेक्षा बराच कमी असतो.

न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये या चारही गटांच्या बाहेर आहेत. एडिसनपासून फिलाडेल्फियाच्या उपनगरांपर्यंत मराठी कुटुंबांची संख्या किती मोठी आहे हे लक्षात घेता ही बाब आपल्यापैकी फार जणांना लागू होते. त्यांनी कराराच्या शोधात वेळ न घालवता सरळ पुढच्या पायरीकडे वळावे.

चौथी पायरी: विद्यापीठ स्वतःहून देत असलेल्या सवलती शोधणे

काही राज्यांत तरुणांची संख्या घटत असल्यामुळे तेथील विद्यापीठे बाहेरच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलावतात. मेन विद्यापीठाने २०१६ च्या शरद सत्रापासून अशी योजना आणली की, ठराविक राज्यांतून आलेल्या आणि गुणांची अट पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या राज्याच्या प्रमुख सरकारी विद्यापीठात जेवढे रहिवासी शुल्क भरले असते तेवढेच इथे भरावे. सुरुवातीच्या त्या राज्यांत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाही होते. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०१८ मध्ये सुरू केलेल्या एनसी प्रॉमिस योजनेत वेस्टर्न कॅरोलिना, पेम्ब्रोक आणि एलिझाबेथ सिटी येथील सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या विद्यार्थ्याचे शिक्षण शुल्क प्रत्येक सत्राला २,५०० डॉलर ठेवले, आणि २०२२ पासून फेएटव्हिलची भर पडली. ही विद्यापीठे आपल्याकडच्या घरगुती चर्चांमध्ये क्वचितच येतात. पण कर्ज न काढता पदवी घेणे हे ज्या घराचे पहिले उद्दिष्ट असेल, त्या घराने त्यांचा गांभीर्याने विचार करावा असे मला मनापासून वाटते.

गुणवत्तेवरील शिष्यवृत्ती हा दुसरा मोठा मार्ग. अलाबामा विद्यापीठ शाळेतील जीपीए (गुणांची सरासरी) आणि एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांच्या गुणांवरून बाहेरच्या विद्यार्थ्याला किती रक्कम मिळेल याचा तक्ता उघडपणे देते, आणि ती चालू राहण्यासाठी ३.० जीपीए राखावा लागतो. असा तक्ता असलेल्या विद्यापीठांचा फायदा असा की अर्ज करण्यापूर्वीच हिशेब मांडता येतो. अकरावीत ऑक्टोबरमध्ये होणारी पीएसएटी ही एसएटीची पूर्वपरीक्षा नॅशनल मेरिट या देशपातळीवरील गुणवत्ता शिष्यवृत्तीची पात्रता परीक्षाही आहे, आणि त्यात अंतिम फेरी गाठणाऱ्या विद्यार्थ्यांना अलाबामा, ओक्लाहोमा आणि डॅलस येथील टेक्सास विद्यापीठ यांच्यासारख्या संस्थांनी फार मोठी मदत देऊ केलेली आहे. नॅशनल मेरिटसाठी पूर्वी नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा ग्रीन कार्डसाठी प्रत्यक्ष दाखल केलेला अर्ज आणि नागरिक होण्याचा इरादा असावा लागत असे; आता अमेरिकेतील शाळेत शिकणाऱ्यांना ही अट नाही. तरीही विद्यापीठाच्या स्वतःच्या मदतीला नागरिकत्वाची वेगळी अट आहे का, हे आधीच विचारावे म्हणजे मुलाची निराशा होणार नाही.

आपल्या लोकांच्या हातून हमखास निसटणारी एक सवलत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी असते. दक्षिणेतील आणि मध्य-पश्चिमेतील कित्येक सरकारी विद्यापीठे आपल्या पदवीधरांच्या मुलांचे बाहेरच्या राज्याचे जादा शुल्क अंशतः किंवा पूर्णपणे माफ करतात. आई किंवा वडिलांनी पुण्याहून किंवा मुंबईहून येऊन वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशा एखाद्या विद्यापीठातून एमएस केले असेल, आणि आता कुटुंब भलत्याच राज्यात राहत असेल, तर ती पदवी मुलाच्या कामी येऊ शकते. पालकांनी आपल्या जुन्या विद्यापीठाला एक ई-मेल लिहून ही विचारणा जरूर करावी.

राज्याच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांना सवलत देणारी विद्यापीठेही बरीच आहेत. सैन्यदलातील व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांना केंद्रीय कायद्याने वेगळे संरक्षण आहे. वॉशिंग्टन डीसीच्या रहिवाशांना देशभरातील सरकारी विद्यापीठांसाठी १९९९ च्या कायद्यानुसार अनुदान मिळते.

भारतातून थेट एमएस किंवा पीएचडीसाठी येणाऱ्यांसाठी

वरील बहुतेक मार्ग एफ-१ वर येणाऱ्या विद्यार्थ्याला बंद असतात, परंतु टेक्सासमधील दोन तरतुदी त्याच्यासाठी खुल्या आहेत. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठाने स्पर्धात्मक निवडीतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली, तर विद्यापीठाला त्या विद्यार्थ्याकडून रहिवासी दराने शुल्क घेता येते, आणि ही सवलत परदेशी विद्यार्थ्यालाही लागू होते. शिष्यवृत्तीची रक्कम लहान असली तरी तिच्यामुळे वाचणारे शुल्क तिच्या कितीतरी पट असते. अशा सवलतींच्या एकूण संख्येवर मर्यादा असल्यामुळे विभागाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच, पहिल्या मुदतीत करावा. दुसरी तरतूद अध्यापन किंवा संशोधन सहायकांसाठी आहे: आपल्या अभ्यासाशी संबंधित काम निदान अर्धवेळ करणाऱ्याला रहिवासी दर लागू होऊ शकतो. इतर राज्यांतही सहायकपदाबरोबर शुल्कमाफी देण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. मात्र माफी पूर्ण शुल्काची आहे की फक्त बाहेरच्या राज्याच्या जादा भागाची, हे नेमणूक पत्रात नीट वाचावे.

पाचवी पायरी: तारखा आणि अर्जातील रकाने

कॉमन अॅपचा, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी एकच चालणारा ऑनलाइन अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो. गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीसाठी विचार व्हावा म्हणून पुष्कळ सरकारी विद्यापीठे १ नोव्हेंबरच्या आसपासची मुदत पाळायला लावतात, जरी प्रवेशाची मुदत जानेवारी किंवा त्यानंतरची असली तरीही. प्रवेशाची तारीख आणि पैशांची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण नेहमी आधीची तारीख पाळावी.

विभागीय कराराचा लाभ काही विद्यापीठे रहिवासाचा पत्ता पाहून आपोआप देतात, तर काही ठिकाणी अर्जातील एका रकान्यात तशी मागणी नोंदवावी लागते. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाने तो रकाना रिकामा सोडला, प्रवेश पूर्ण दराने मिळाला, आणि दुरुस्तीसाठी अर्ज केला तेव्हा सवलतीच्या जागा भरल्या असल्याचे उत्तर आले. ही सवलत अनेक संस्था पहिल्या वर्षी प्रवेश घेतानाच देतात. एकदा पूर्ण दराने सुरुवात केली की ती नंतर मिळणे दुर्मीळ असते.

प्रवेश कार्यालयाला लिहिताना पुढील गोष्टी एकाच पत्रात विचाराव्यात. माझा मुलगा किंवा मुलगी अमुक राज्याची रहिवासी असून अमुक व्हिसावर आहे, अमुक विषयासाठी कोणता सवलतीचा दर लागू होईल. तो किती सत्रांपर्यंत मिळेल आणि टिकवण्यासाठी किती जीपीए लागेल. सवलतीचा दर आणि गुणवत्तेची शिष्यवृत्ती दोन्ही एकत्र मिळतात की एकच निवडावी लागते. विषय बदलल्यास, एक सत्र नोकरीच्या प्रशिक्षणासाठी बाहेर राहिल्यास किंवा व्हिसा बदलल्यास काय होईल. यांतला एकत्र मिळण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण घरी केलेले बहुतेक हिशेब तिथेच चुकतात.

सहावी पायरी: खरा हिशेब

सवलतीच्या दराची तुलना त्याच विद्यापीठाच्या छापील दराशी केली तर प्रत्येक सवलत आकर्षक वाटते. तुलना करायची ती आपल्या स्वतःच्या राज्यातील विद्यापीठाच्या रहिवासी दराशी. वरच्या उदाहरणातील १८,००० डॉलर हे ३४,००० पेक्षा पुष्कळ कमी आहेत, परंतु घराजवळचे चांगले विद्यापीठ १३,००० डॉलरमध्ये मिळत असेल तर सवलत घेऊनही आपण वर्षाला ५,००० डॉलर जास्त भरत आहोत. त्यात विमानप्रवास, राहणे-जेवणे, आणि अभियांत्रिकी व व्यवसाय प्रशासन यांसारख्या विषयांसाठी आकारले जाणारे वेगळे शुल्क मिळवावे. शिष्यवृत्ती ठराविक रकमेची असेल आणि शुल्क दरवर्षी वाढत असेल, तर चौथ्या वर्षी आपला वाटा पहिल्या वर्षापेक्षा मोठा होतो, म्हणून चारही वर्षांचे वेगवेगळे आकडे मांडावेत. गरजेवर आधारित मदतीवर बाहेरच्या राज्यात फारसे विसंबू नये. व्हर्जिनिया विद्यापीठ आणि चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ यांसारखी मोजकी सरकारी विद्यापीठे बाहेरच्या विद्यार्थ्यांचीही पूर्ण गरज भागवतात, आणि केंद्रीय मदतीसाठी लागणारी एफएएफएसए ही अर्जाची प्रक्रिया एच-४ वरील मुलांसाठी नाही.

प्रवेश पक्का झाल्यावर पहिले बिल बहुधा उन्हाळ्यात येते. त्यावरील दर आपल्याला लेखी कळवलेल्या दराशी जुळतो का ते त्याच दिवशी पाहावे. रहिवासाचा निर्णय चुकीचा वाटल्यास त्यावर अपील करता येते. अपिलाची मुदत थोडी असते आणि ते लेखी, पुराव्यांसह करावे लागते. सत्र सुरू झाल्यावर ज्या दिवशी विद्यापीठ पटसंख्या कायम करते, त्या दिवसानंतर त्या सत्राचा दर बदलून घेणे बहुतेक ठिकाणी शक्य नसते. म्हणून तोपर्यंत उत्तर आले नसेल तर वाट पाहत न बसता कार्यालयात प्रत्यक्ष जावे आणि अर्ज मिळाल्याची नोंद करून घ्यावी.